सल्ला पटला, सल्लागार नको!

दरवर्षी परीक्षेच्या आधी आमच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा निरोप समारंभ असतो. भाषणे होतात, गुलाबाची फुले दिली जातात, आणि शेवटी मी माझा नेहमीचा प्रश्न विचारतो, "पुढे काय करणार?" उत्तरेही नेहमीचीच. कुणी बँकेची परीक्षा देणार, कुणी पुण्याला जाणार, कुणी सी.ए.ला बसणार. यंदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी बिझनेस कन्सल्टंट होणार." वर्ग हसला. कन्सल्टंट म्हणजे सूट-बूट, विमानप्रवास आणि मुंबईतले काचेचे ऑफिस, असे चित्र मुलांच्या डोक्यात असते. या मुलाचे वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कोअर शॉपमध्ये काम करतात, हे सगळ्यांना ठाऊक होते.

कार्यक्रम संपल्यावर तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

"सर, पोरं हसली त्याचं काही नाही. एक विचारायचं होतं. लॅपटॉप हप्त्यावर घेता येतो. कर्जपण मिळेल कुठूनतरी. पण आमचा सल्ला घेणार कोण?"

मी म्हटले, "सल्ला चांगला असेल तर घेतील की."

तो जरा हसला. म्हणाला, "सर, तीन कारखान्यांत जाऊन आलो. दहा मिनिटं बोललं की मालकाला पटतं. वहीत लिहून घेतात. चहापण देतात. मग विचारतात, 'पूर्ण नाव काय म्हणालास?' नाव सांगितलं की म्हणतात, 'बघू, कळवतो.'"

हा मुलगा दलित समाजातला आहे. त्या 'बघू'चा अर्थ त्याला कळला होता. मलाही कळला. पण माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून ती मी कितीदा तरी वाचली होती, पण वर्गात कधी सांगितली नव्हती.

१९१८ सालचे एक सल्ला केंद्र

डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वांना माहीत आहेत. पण १९१८ साली मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आजच्या भाषेत ते गुंतवणुकीचे आणि व्यवसायाचे सल्लागार झाले होते.

त्यांची तयारी काय होती ते पाहा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली अर्थशास्त्रात एम.ए. झाले. १९१६ साली त्यांनी तिथे आपला प्रबंध सादर केला आणि ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजात होती ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. त्याची जी भरपाई मिळाली ती बडोद्याच्या प्रवासाला उपयोगी पडली, अशी त्या वेळची ओढगस्त होती.

करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. पण राहायला जागा कोण देणार? एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी बडोद्याच्या बागेत काढला. आज ती बाग सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आमच्या या पानाचे बडोद्यातले वाचक त्या बागेजवळून रोज जात असतील.

मुंबईत परतल्यावर घर चालवायचे होते. त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबाची कामे केली आणि शेअर्सच्या सल्ल्याचा व्यवसाय उघडला. लोक येऊ लागले. सल्ला त्यांना उपयोगी वाटत होता. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले, आणि यायचे थांबले. व्यवसाय बंद करावा लागला.

इथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. सल्ला चुकला म्हणून गिऱ्हाईक गेले असते तर तो धंद्यातला धोका म्हणता आला असता. भांडवल अपुरे पडले असते तर कर्ज काढता आले असते. इथे माल उत्तम होता, गरज होती, गिऱ्हाईकही आले होते. तरीही दुकान बसले. कारण सल्ल्याच्या धंद्यात गिऱ्हाईक फक्त सल्ला विकत घेत नाही, सल्ला देणाऱ्यावर विश्वास टाकते. आणि आपल्याकडे विश्वास कुणावर टाकायचा हे पुष्कळदा आडनाव ठरवते.

किराणा दुकानात साखर घेताना साखरेकडे बघता येते. सल्ला हातात घेऊन बघता येत नाही. त्याचा परिणाम सहा महिन्यांनी, वर्षाने दिसतो. तोपर्यंत माणूस सल्लागाराच्या कपड्यांकडे, इंग्रजीकडे, ओळखीकडे आणि जातीकडे बघून अंदाज बांधतो. म्हणूनच हा धंदा वरवर सर्वांत कमी भांडवलाचा दिसतो, पण गरीब घरातल्या मुलाला तो सर्वांत अवघड जातो.

दुकान बंद झाल्यावर

बाबासाहेबांनी पुढे काय केले, हे त्या मुलाला सांगायला हवे असे मला वाटले. १९१८ सालीच भारतातल्या शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना महिना ४५० रुपयांवर तात्पुरती नेमणूक मिळाली. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप तिथेही काही सहकाऱ्यांनी घेतला. पण त्यांची व्याख्याने ऐकायला बाहेरचे विद्यार्थी येऊन बसत.

पगारातून त्यांनी पैसे साठवले. १९२० साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे पाच हजार रुपयांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण केले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. परत येऊन वकिली सुरू केली, तर तिथेही सॉलिसिटर मंडळी कामे द्यायला तयार नसत. सल्ल्याच्या दुसऱ्या धंद्यातही तीच भिंत आडवी आली! मग लहान कोर्टातली कामे घेतली. जोडीला १९२५ ते १९२८ या काळात मुंबईतल्या एका अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवला.

आणि डिसेंबर १९२५ मध्ये काय घडले? भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांची साक्ष झाली. याच आयोगाने पुढे देशासाठी मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. चार-दोन शेअर्स घ्यावेत की विकावेत एवढा सल्लाही ज्यांच्याकडून घेणे लोकांनी थांबवले होते, त्यांच्याकडून सात वर्षांनी साऱ्या देशाच्या रुपयाबद्दल मत घेतले गेले.

मात्र एवढ्यावर थांबून "जिद्द असली की सगळे होते" असे तात्पर्य मी त्या मुलाला सांगितले नाही. ते खरेही नाही. परदेशी पदव्या, राजाश्रय आणि अफाट बुद्धी असतानाही ज्यांना दार बंद झाले, त्यांचे उदाहरण देऊन एका साध्या मुलाला "तूही जिद्द धर" म्हणणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात मारणे होय. बाबासाहेबांनी स्वतःही तसे मानले नाही. त्याच वर्षांत, १९२० साली, 'मूकनायक' निघाले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९२५ साली आपल्या निपाणीत बहिष्कृत वर्गाची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. आपले ज्ञान वाढवणे आणि विश्वास वाटण्याची समाजाची रीत बदलणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी हाती घेतली. दोष सल्लागारात नव्हता, हे त्यांना पक्के माहीत होते.

बापाच्या हातातले भांडवल

पुढच्या आठवड्यात तो मुलगा परत आला. मी त्याला म्हटले, "त्या मालकांना तू दहा मिनिटं काय सांगतोस, ते मला सांग."

त्याने वही काढली. मी थक्क झालो. त्याने मांडलेला हिशेब असा होता.

समजा, एका लहान फाउंड्रीला शंभर नगांचे काम मिळाले. एक नग ओतायचा खर्च ४०० रुपये. मालकाने भाव दिला ४३० रुपये. मालक म्हणतो, नगामागे तीस रुपये, म्हणजे तीन हजार सुटले. पण शंभरातले दहा नग रिजेक्ट झाले. पैसे नव्वद नगांचेच मिळाले, ३८,७०० रुपये. रिजेक्ट माल पुन्हा भट्टीत गेला, त्याच्या धातूची किंमत धरा नगाला शंभर रुपये, म्हणजे हजार. एकूण हाती आले ३९,७००. खर्च झाला ४०,०००. तीन हजार मिळाले असे समजणारा मालक प्रत्यक्षात तीनशेच्या खड्ड्यात!

"आणि सर, रिजेक्शन का होतंय ते बाबांना माहीत असतं," तो म्हणाला. "कोअर नीट भाजला नाही, वाळू ओली राहिली, की गॅस धरतो आणि कास्टिंगला छिद्रं पडतात. बाबा रोज घरी येऊन सांगतात. पण त्यांना कारखान्यात कुणी विचारत नाही. हिशेब ऑफिसात असतो, कारण शॉपमध्ये असतं. दोन्ही एका कागदावर कुणी आणत नाही."

वाचकहो, बिझनेस कन्सल्टिंग म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. कामाच्या जागी काय चालले आहे आणि वहीत काय लिहिले जात आहे, यातली फट शोधायची आणि ती बुजवायचा उपाय मालकाला परवडेल अशा भाषेत सांगायचा. अशी दृष्टी महागड्या कॉलेजात शिकवतात तशी ती घरातल्या रात्रीच्या जेवणाच्या गप्पांतूनही येते. आमची मुले अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहिताना संकोचतात. या मुलाने तोच आपल्या धंद्याचा पाया केला होता.

वाट कशी काढायची?

मग आम्ही दोघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. असाच विचार करणाऱ्या इतर मुलामुलींच्या उपयोगी पडतील म्हणून त्या इथे देतो.

पहिली गोष्ट म्हणजे, सल्ला तपासता येईल असा द्यायचा. "तुमचा धंदा सुधारून देतो" असे म्हणायचे नाही. "एका महिन्यात तुमच्या एका नगाचा खरा खर्च काढून देतो" असे म्हणायचे. काम लहान असले की मालकाचा धोका कमी होतो, आणि आकडा बरोबर निघाला की त्याला नाव-गाव राहत नाही. अनोळखी माणसाला विश्वास मिळवायचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

दुसरी गोष्ट, फुकट काम करायचे नाही. फी कमी घ्या, दोन हप्त्यांत घ्या, पण घ्या. फुकट मिळालेला सल्ला मालक ड्रॉवरमध्ये टाकतो. काय काम करणार, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या.

तिसरी, नोंदणी. सल्ला देणे हाही सेवा उद्योग आहे. २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये, असे २००६ चा कायदा सांगतो. नोंदणी असली की त्या कायद्याच्या आधारे थकलेल्या फीसाठी दाद मागता येते. लहान कर्जासाठी २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तिच्यात तारण मागितले जात नाही. पण माझे मत विचाराल तर पहिले वर्षभर कर्ज काढूच नये. संध्याकाळी एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करावे. घरात चार पैसे येतात आणि लहान उद्योगांची खरी दुखणी कळतात.

चौथी गोष्ट आपल्या भागापुरती. बेळगावात मालकाशी मराठीत बोलावे लागते, शॉपमधल्या कामगाराशी पुष्कळदा कन्नडमध्ये आणि बँकेला अहवाल द्यावा लागतो इंग्रजीत. भाषेचा अभिमान आपल्या जागी ठीक आहे. पण ज्याला तिन्ही भाषा येतात तो सल्लागार इथे मुंबईहून आलेल्या माणसाला भारी पडू शकतो. सीमाभागात वाढल्याची ही शिदोरी आहे, ती वापरावी.

आणि आपण?

इथवर सगळा उपदेश त्या मुलाला झाला. आता थोडे स्वतःबद्दल लिहिणे भाग आहे.

गेल्या वर्षी माझ्या एका नातेवाइकाने मला फोन केला होता. त्याचा लहानसा कारखाना आहे. "दादा, हिशेब नीट लावून देणारा एखादा चुणचुणीत मुलगा सुचव," म्हणाला. मी लगेच एक नाव दिले. ज्याचे दिले तो मुलगा वाईट नव्हता. पण कॉस्टिंगच्या पेपरात या मुलाला त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त गुण होते आणि ते मीच दिले होते. तरीही त्या क्षणी याचे नाव माझ्या तोंडी आले नाही. त्या मुलाचे घर माझ्या ओळखीचे होते, बोलणे सफाईचे होते, नातेवाइकाला तो 'आपल्यातला' वाटेल असे मनाने परस्पर ठरवून टाकले. मी कुणाचा अपमान केला नाही, कुणाला नाही म्हटले नाही. फक्त एक नाव घेतले आणि एक घेतले नाही. १९१८ साली बाबासाहेबांकडे येणे ज्यांनी थांबवले त्यांनी तरी याहून वेगळे काय केले असेल? तेही बहुधा "बघू" एवढेच म्हणाले असतील.

तो मुलगा वही घेऊन समोर बसला होता तेव्हा मला हे आठवले. त्याला सांगायचे धाडस झाले नाही. तो गेल्यावर मी नातेवाइकाला फोन लावला. या मुलाबद्दल सांगितले. त्याचा पहिला प्रश्न अपेक्षित होता, "आडनाव काय?"

मी म्हटले, "त्याने काढलेला रिजेक्शनचा हिशेब तुला पाठवतो. तो आधी वाच. मग आडनाव विचार."

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. एक महिन्याचे काम, पाच हजार रुपये. फार नाही. पण पानावर लिहून, दोघांच्या सह्यांनी.

गोष्ट इथे सुफळ संपूर्ण झाली असे मला म्हणायचे नाही. ज्या तीन कारखान्यांनी 'बघू' म्हटले होते त्यांच्यापैकी एकानेही अजून कळवलेले नाही. महिन्याचे काम झाल्यावर पुढचे काम मिळेलच असेही नाही. घरी धाकटी बहीण बारावीला आहे, तिची फी आहे. वडील म्हणतात, "बँकेची परीक्षा दे, पगार तरी ठरलेला असतो." त्यांचे चुकते असे कोण म्हणेल? मीही त्याला परीक्षेचा फॉर्म भरायला सांगितला आहे.

आपल्यापैकी कुणी कारखाना चालवतो, कुणी दुकान, कुणी पतसंस्थेत संचालक आहे, कुणी माझ्यासारखा 'नाव सुचवणारा' आहे. आपल्या भागातली शिकलेली मुले बाहेर जातात म्हणून आपण हळहळतो. पण राहिलेल्यांतल्या किती जणांना आपण काम देऊन पाहतो? सवलत मागायला ती येत नाहीत. त्यांनी काढलेला आकडा आडनावाच्या आधी वाचावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

काल संध्याकाळी तो भेटला. हातात कारखान्याची वही होती, बोटांना काळे लागले होते. मी विचारले, "काय म्हणतोय कारखाना?"

"सर, पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "मालकांनी त्यांना खुर्ची दिली. बाबा तासभर वाळूबद्दल बोलत होते. एवढी वर्षं काम करतात, पण कुठल्याच मालकासमोर ते असे कधी बसले नव्हते."